डॉक्टर जॉन्सनची चालढकल

इ. स. १७५१ सालच्या जून महिन्याच्या २९ तारखेस, शनिवारी, लंडन शहरात 'रॅम्ब्लर' नावाच्या पत्राचा १३४ वा अंक निघाला. मंगळवारी आणि शनिवारी निघणाऱ्या या पत्रात एकच निबंध असे, आणि तो लिहिणारा माणूसही जवळजवळ एकच होता. त्या दिवशीच्या निबंधाचा विषय होता चालढकल. लेखक आरंभीच सांगून टाकतो की, कशावर लिहावे याचा विचार करण्यात आपली आदली सकाळ गेली, विचार करता करता मन भरकटले, आणि अखेर छापखान्यातून बोलावणे आले तेव्हा लिहिणे भागच पडले. पुढे कित्येक वर्षांनी या लेखकाच्या स्नेही थ्रेलबाई यांनी अशी आठवण नोंदविली की, हा निबंध त्याने जोशुआ रेनॉल्ड्स या प्रसिद्ध चित्रकाराच्या दिवाणखान्यात बसून लिहिला आणि छापखान्याचा पोऱ्या कागद नेण्यासाठी ताटकळत उभा होता. गोष्ट मोठी गोड आहे. पण रेनॉल्ड्स त्या वेळी इटलीत होता, १७५२ मध्ये तो लंडनला परतला. तेव्हा दिवाणखाना आपण सोडून देऊ. पोऱ्या मात्र सोडता येत नाही. तो आजच्या आपल्या कथेतील महत्त्वाचा मनुष्य आहे.

लेखकाचे नाव सॅम्युएल जॉन्सन. इंग्रजी भाषेचा मोठा कोश रचणारा म्हणून आणि बॉझ्वेलने लिहिलेल्या चरित्राचा नायक म्हणून हे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवर असेल. वसंत व्याख्यानमालेत या गृहस्थाविषयी बोलण्याचा अधिकार एखाद्या इंग्रजीच्या प्राध्यापकाचा. माझी शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत व सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु जॉन्सनकडे मी साहित्यिक म्हणून पाहत नाही. तो नगावर मजुरी घेणारा कामगार होता, आणि काम अंगावर घेऊन ते उद्यावर ढकलण्याची सवय त्याला जन्मभर होती. ती सवय असूनही त्याने कामे तडीस कशी नेली, कोणती नेली आणि कोणती राहून गेली, हे तपासण्यासारखे आहे. आळस हा माणसाच्या रक्तात असतो असे म्हणून कामगाराचा निकाल लावणे ही मालकवर्गाची फार जुनी सोय आहे. उलट आमच्यातलेही काहीजण, जणू आळस नावाची वस्तूच जगात नाही, असे बोलतात. जॉन्सनचे उदाहरण या दोघांनाही अडचणीचे आहे, म्हणून मला ते आवडते.

त्याचे पूर्वायुष्य थोडक्यात सांगतो. लिचफील्ड गावच्या एका कर्जबाजारी पुस्तकविक्याचा हा मुलगा १७०९ साली जन्मला. ऑक्सफर्डला गेला, पण पैशाअभावी तेरा महिन्यांतच परत फिरला. तेथे असताना त्याचे फाटके जोडे पाहून कोणीतरी नवे जोडे त्याच्या दाराशी ठेवले, तेव्हा त्याने ते रागाने फेकून दिले. दान घेणार नाही, मजुरी घेईन, हा त्याचा बाणा तेव्हापासूनचा. शाळा काढली, ती चालली नाही. १७३७ मध्ये लंडनला आला आणि एका मासिकाच्या पदरी लिहू लागला. तेथे त्याचा वेग पाहून लोक थक्क होत. पार्लमेंटमधील भाषणे, बहुतेक स्वतः न ऐकता, तो मासिकासाठी रचून देई. मित्र सॅव्हेज याच्या चरित्राची छापील अठ्ठेचाळीस पाने त्याने एका बैठकीत, रात्र जागून लिहिली. हाच मनुष्य दुपारी दोन वाजेपर्यंत अंथरुणात पडून राही. आळशी म्हणावा तर हा झपाटा कोठून आला, आणि उद्योगी म्हणावा तर ही दुपार कोणाची?

१७४६ च्या जूनमध्ये लंडनच्या काही पुस्तकविक्यांनी एकत्र येऊन त्याच्याशी करार केला. इंग्रजी भाषेचा कोश करायचा, मोबदला पंधराशे गिनी, म्हणजे १५७५ पौंड, आणि मुदत तीन वर्षे. लेखनिकांचा पगार, कागद, जागा हे सारे त्याने याच रकमेतून भागवायचे. आमच्या भाषेत सांगायचे तर हा ठेका होता आणि जॉन्सन हा लहान ठेकेदार होता. ॲडम्स नावाच्या त्याच्या जुन्या ओळखीच्या विद्वानाने शंका काढली की, फ्रेंच अकादमीच्या चाळीस सभासदांना या कामी चाळीस वर्षे लागली, तुम्ही तीन वर्षांत कसे कराल? जॉन्सनने हिशोब मांडला: चाळीस गुणिले चाळीस, सोळाशे, तेव्हा इंग्रज आणि फ्रेंच यांचे प्रमाण तीनास सोळाशे! विनोद म्हणून हे ठीक आहे. पण मुदत ठरविताना त्याने याहून गंभीर हिशोब केला होता असे दिसत नाही. पुस्तकविक्यांनाही तो नको होता. त्यांना आकडा हवा होता. ठेका मिळविण्यासाठी मुदत कमी सांगायची आणि पुढचे पुढे पाहू म्हणायचे, ही रीत अडीचशे वर्षांत फारशी बदललेली नाही. पुष्कळशी दिरंगाई काम सुरू झाल्यावर होत नाही. ती करारावर सही करतानाच त्यात लिहिलेली असते.

गॉफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर काम सुरू झाले. ते घर आजही उभे आहे आणि तेथे संग्रहालय आहे. माळ्यावर सहा लेखनिक काम करीत, त्यांतले पाच स्कॉटलंडचे. कामाची रीत अशी होती: जॉन्सन पुस्तके वाचताना हव्या त्या शब्दाखाली शिसपेन्सिलीने रेघ ओढी आणि समासात त्याचे पहिले अक्षर लिही, लेखनिक ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून घेत, चिठ्ठ्या अक्षरवार लागत, मग जॉन्सन शब्दाचा अर्थ लिही. शब्दाचा अर्थ आपल्या मनाने न सांगता, चांगल्या लेखकांनी तो कसा वापरला ते दाखवायचे, हे या कोशाचे मोठेपण. अखेरीस सुमारे एक लाख चौदा हजार अवतरणे त्यात आली. मित्रांकडून मागून आणलेली पुस्तके रेघोट्यांनी भरून परत जात, आणि काही मित्र पुन्हा पुस्तक देत नसत.

पण येथेच गाडी अडली. पहिली दोन-तीन वर्षे जॉन्सन वह्यांमध्ये लिहीत होता. शब्द आधी मांडायचे, प्रत्येकाला काही जागा सोडायची आणि नंतर त्या जागेत अर्थ व अवतरणे भरायची, असा बेत होता. परंतु अवतरणे येत गेली तशी जागा पुरेना. एकेका शब्दाला, त्यातही साध्या क्रियापदांना, किती अर्थ असू शकतात हे काम करू लागल्यावर कळले. ॲलन रेडिक या संशोधकाने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे सारे बारकाईने तपासले असून, ती पहिली रचना जॉन्सनला सोडून द्यावी लागली असे दाखविले आहे. शिवाय कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिल्यामुळे जुळाऱ्याला ती प्रत उपयोगी पडेना. पुन्हा एका बाजूने उतरवून घेण्याचा खर्च वीस पौंड आला, असे सांगतात. मुदत १७४९ मध्ये संपली. पहिल्या काही अक्षरांची छपाई होऊन काम थांबले.

जुन्या चरित्रकारांनी या थांबण्याचा दोष आळसाकडे लावला. मला हे पटत नाही. कारखान्यात यंत्राची मांडणी चुकली तर माल निघत नाही, आणि तेव्हा प्रथम दृष्टी जाते ती कारागिराच्या हाताकडे. मांडणीकडे कोणी पाहत नाही. जॉन्सनला स्वतःलाही ते वेगळे करता येत नव्हते, हे मला अधिक दुःखद वाटते. आपली योजना चुकली आहे असे न म्हणता तो आपण पापी आहो असे म्हणू लागला. मनुष्य असे म्हणू लागला की कामाजवळ जाणे त्याला नकोसे होते. वही उघडली की वहीआधी अपराध समोर येतो.

आता पाहा, याच काळात, म्हणजे २० मार्च १७५० पासून १४ मार्च १७५२ पर्यंत, जॉन्सनने 'रॅम्ब्लर'चे २०८ अंक काढले. चार-सहा निबंध सोडले तर सारे त्याचे. दर मंगळवारी एक, दर शनिवारी एक. मोबदला निबंधाला दोन गिनी. दोन वर्षांत अंक चुकला नाही. मनुष्य तोच, माळा तोच, थंडी तीच, औदासीन्य तेच. एका कामाचे चाक चिखलात रुतले आहे आणि दुसऱ्याचे आठवड्यातून दोनदा गावाला जाऊन येते आहे! शिस्त ही माणसाच्या अंगची एकच एक वस्तू असती तर असे झाले नसते. 'रॅम्ब्लर'चा तुकडा लहान होता. तो कधी पुरा झाला हे कळत होते. पुरा होताच पैसे मिळत होते. आणि दारात पोऱ्या उभा होता. तो पोऱ्या काही रागावणारा नव्हता; बहुधा दहाबारा वर्षांचे पोर असेल. पण त्याच्यामागे खिळे जुळविणारे हात रिकामे थांबले आहेत, हे जॉन्सनला दिसत होते. मालकाला दिलेला शब्द मोडणे त्याला जड जात नसे. कामगाराला ताटकळत ठेवणे मात्र त्याला जमले नाही, असे निदान मला वाटते. कोशाच्या दारात मात्र कोणी उभे नव्हते. तेथे होती ती फक्त उचललेली रक्कम.

१७५१ च्या अखेरीस पुस्तकविक्यांनी धमक्या सुरू केल्या. जॉन्सनने ताठ उत्तर पाठविले. धाकाने मी काम देणार नाही, असा त्याचा आशय होता. तोडगा निघाला तो विल्यम स्ट्रॅहन या मुद्रकामार्फत. हस्तलिखिताचे ताव जसजसे यावेत तसतसे त्याला पैसे मिळावेत, तावामागे गिनी, असे ठरले. म्हणजे कोशाचेच 'रॅम्ब्लर' केले. तीन वर्षांचा डोंगर फोडून त्याचे तावातावाचे दगड केले, आणि प्रत्येक दगडाची मजुरी त्या त्या दिवशी. वह्यांची पद्धतही तोवर बदलली होती. त्यानंतर काम चालू लागले आणि चालतच राहिले.

मधल्या काळात, १७५२ च्या मार्चमध्ये, 'रॅम्ब्लर'चा शेवटचा अंक निघाल्यावर तीन दिवसांनी त्याची बायको वारली. लेखनिकांपैकी फ्रान्सिस स्ट्यूअर्ट वारला. रॉबर्ट शील्स क्षयाने १७५३ मध्ये गेला. चिठ्ठ्या नीट कातरलेल्या नसतात अशी मुद्रकाची तक्रार आली, तेव्हा जॉन्सनने कळविले की, दिवसाचे काम लवकर संपविण्याची लेखनिकाला घाई असते, आणि बिचारा स्ट्यूअर्ट गेल्यापासून त्या कामाला शिस्त लावणे मला जमलेले नाही. या पत्रात मालकाचा सूर नाही. पुढेही त्याने या माणसांना टाकले नाही. अलेक्झांडर मॅकबीन म्हातारा झाला तेव्हा खटपट करून त्याला १७८१ मध्ये चार्टरहाऊस या वृद्धाश्रमात जागा मिळवून दिली. पेटन नावाच्या लेखनिकाच्या आणि त्याच्या पत्नीच्या अंत्यविधीचा खर्च १७७६ मध्ये स्वतः केला. कोशाच्या मुखपृष्ठावर या सहांपैकी कोणाचे नाव नाही. त्या काळी ती पद्धत नव्हती, आणि आजही फारशी आहे असे नाही.

१५ एप्रिल १७५५ रोजी दोन भल्या थोरल्या खंडांत कोश प्रसिद्ध झाला. बेचाळीस हजारांवर शब्द, दोन हजार प्रती, किंमत साडेचार पौंड. तीन वर्षांऐवजी जवळजवळ नऊ वर्षे लागली. अखेरचा हिशोब खानावळीत बसून झाला तेव्हा जॉन्सनने ठरल्याहून शंभरावर पौंड जास्तच उचलले आहेत असे पावत्यांवरून निघाले, अशी गोष्ट आहे. अखेरचे ताव घेऊन गेलेला माणूस परत आला तेव्हा जॉन्सनने विचारले, मिलरसाहेब काय म्हणाले? अँड्र्यू मिलर हा पुस्तकविक्यांचा म्होरक्या. माणसाने सांगितले, एकदाची याच्यापासून सुटका झाली म्हणून त्यांनी देवाचे आभार मानले. जॉन्सन हसून म्हणाला की, ते कशासाठी का होईना देवाचे आभार मानतात हे ऐकून बरे वाटले. पुढच्याच वर्षी, मार्च १७५६ मध्ये, पाच पौंड अठरा शिलिंगांच्या कर्जापायी या कोशकाराला अटक झाली. कादंबरीकार रिचर्डसनने सहा गिनी पाठविल्या तेव्हा तो सुटला.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग सूत्र सापडले: कामाचे तुकडे करा, तुकड्यामागे मजुरी द्या, माणूस आपोआप कामाला लागेल. श्रोतेहो, नगावर मजुरी म्हणजे काय हे ज्याने हातांनी अनुभवले आहे तो असे चटकन म्हणणार नाही. नगामागे धावताना बोटे गेलेले लोक मी पाहिले आहेत. आणि जॉन्सनची पुढील हकीकतही तितकी सरळ नाही.

१७५६ मध्येच त्याने शेक्सपिअरच्या नाटकांची नवी संपादित आवृत्ती काढण्याचे जाहीर केले. वर्गणीदारांनी एक गिनी आगाऊ द्यायची, दुसरी पुस्तक हाती आल्यावर. मुदत १७५७ च्या नाताळाची. नाताळ आला आणि गेला. असे आठ नाताळ आले. दहा वर्षांपूर्वी ज्या खड्ड्यात पडला होता त्यातच हा मनुष्य पुन्हा उतरला: मुदत मनाने ठरवलेली, पैसे आधी घेतलेले, आणि दारात कोणी नाही. वर्गणीदारांची यादीही त्याच्यापाशी उरली नव्हती. नावे हरवली आणि पैसे खर्च झाले, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. १७६२ मध्ये चर्चिल नावाच्या कवीने आपल्या उपहासकाव्यात, वर्गणी खाऊन पुस्तक न देणारा म्हणून त्याची उघड टर उडविली. तो घाव बसला. जॉन हॉकिन्स हा त्याचा चरित्रकार लिहितो की, मित्रांनी त्याला पैज किंवा तसलीच काही पैशाची अट घालून मुदतीत बांधून घेतले. १७६५ च्या ऑक्टोबरात आठ खंड निघाले. प्रस्तावना अशी उतरली की शेक्सपिअरचा अभ्यास करणारे आजही ती वाचतात.

त्याच सुमारास, १७६२ मध्ये, राजाकडून त्याला सालाना तीनशे पौंडांची पेन्शन मिळाली. आपल्या कोशात पेन्शन या शब्दाचा अर्थ देताना याच माणसाने सरकारचे भाडोत्री म्हणून पेन्शनरांची खिल्ली उडविली होती, त्यामुळे लोकांना चांगलीच करमणूक झाली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, पोटाची चिंता गेल्यावर त्याचे लिहिणे वाढले नाही, उलट कमी झाले. येथे आमचे विरोधक खुशाल टाळ्या वाजवतील: पाहा, निश्चित पगार मिळाला की काम थांबते! मी त्यांना एवढेच सांगेन की, मनुष्य त्रेपन्न वर्षांचा होता, सोळा-सतरा तासांच्या रात्री त्याने माळ्यावर काढल्या होत्या, आणि लिहिण्याऐवजी तो आता बोलू लागला. बॉझ्वेलच्या पुस्तकात जो जॉन्सन आहे तो बहुतेक सारा पेन्शनीतला जॉन्सन आहे. समाजाला त्याचा तोटा झाला असे मला वाटत नाही. पण त्याला स्वतःला तसे वाटत होते, आणि ही गोष्ट टाळ्यांनी किंवा उलट टाळ्यांनी मिटत नाही.

त्याच्या मरणानंतर, १७८५ मध्ये, त्याच्या प्रार्थना आणि खाजगी टिपणे छापली गेली. संपादक होता मुद्रक स्ट्रॅहनचाच मुलगा, जो पाद्री झाला होता. ती वाचताना अंगावर काटा येतो. दर नववर्षाला, दर ईस्टरला, दर वाढदिवसाला तेच संकल्प: लवकर उठेन, वेळ वाया घालवणार नाही, रोजनिशी ठेवीन. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. १७६५ च्या ईस्टरला तो लिहितो की, मी आठ वाजता उठण्याचे ठरवितो. ती वेळ काही लवकर म्हणता येणार नाही, पण हल्ली मी पुष्कळदा दोन वाजेपर्यंत पडून असतो, त्या मानाने ती लवकरच. हा संकल्प मला साऱ्या संकल्पांत शहाणपणाचा वाटतो. पहाटे पाचला उठण्याची प्रतिज्ञा करणारे पुष्कळ भेटतात. दोनावरून आठावर येणारा विरळा. दहा वर्षांनी, १७७५ च्या गुड फ्रायडेला, तो स्वतःलाच विचारतो की, इतकी वर्षे संकल्प मोडत आलो, मग आता पुन्हा का करतो? आणि उत्तर देतो की, सुधारणे आवश्यक आहे आणि निराश होणे हा गुन्हा आहे. हे लिहिताना तो पासष्ट वर्षांचा होता.

एक चालढकल मात्र अशी होती की तिला ना पोऱ्या होता, ना पैज. त्याची आई लिचफील्डला राहत असे. १७४० च्या सुमारास तो तेथून निघाला तो पुन्हा गेला नाही. लंडनहून लिचफील्ड म्हणजे त्या काळी घोडागाडीने दोन-तीन दिवसांची वाट. पैसे पाठवी, पत्रे लिही, येतो म्हणे. कोश संपला की जाऊ, हे उरकले की जाऊ. १७५९ च्या जानेवारीत आई अत्यवस्थ असल्याचे कळले. तिच्या औषधपाण्यासाठी आणि, वेळ आलीच तर, अंत्यविधीसाठी पैसे उभे करावे म्हणून त्याने एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून 'रासेलस' हे पुस्तक लिहिले; त्याचे शंभर पौंड मिळाले. आई त्याच महिन्यात गेली. जवळजवळ एकोणीस वर्षांत त्याने तिचे तोंड पाहिले नव्हते. सुखाचे जीवन कोणते याचा शोध घेत फिरणाऱ्या राजपुत्राची ही कथा. तिच्या शेवटच्या प्रकरणाच्या मथळ्यातच लेखकाने सांगितले आहे की, येथे काहीच निश्चित होत नाही.

हे 'रासेलस' आपल्या मराठीत आले आहे, आणि त्याची हकीकतही येथे सांगण्याजोगी आहे. भाषांतर आरंभिले ते पुण्याच्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी. ते त्यांच्या हातून अपुरे राहिले आणि पुरे केले त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी. १८७३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, विष्णुशास्त्र्यांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले. सरकारी शाळेत मास्तरकी करीत आणि १८७९ नंतर ती सोडून, त्यांनी सात वर्षांचे चौऱ्याऐंशी अंक जवळजवळ एकट्याच्या लेखणीने भरले. जॉन्सनवरचा त्यांचा प्रदीर्घ निबंध त्याच मालेत आहे. मी जॉन्सन प्रथम वाचला तो तेथे. जोतीरावांच्या ग्रंथांची शास्त्रीबुवांनी जी टवाळी केली ती वाचून माझ्यासारख्याचे मन त्यांच्यापासून दूर जाते, आणि ते मी लपवीत नाही. पण काम नेटाने कसे चालवावे हे विरोधकापासूनही शिकता येते. दरमहा अंक निघाला पाहिजे हे बंधन त्यांनी आपण होऊन गळ्यात घालून घेतले होते. आपला पोऱ्या त्यांनी आपणच दारात उभा केला, असे म्हणावयास हरकत नाही. १८८२ मध्ये, बत्तिसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, ते वारले. थांबायला सवड नव्हती हे त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते.

जॉन्सनला पंचाहत्तर वर्षे लाभली. १७७७ मध्ये तीन पुस्तकविके त्याच्याकडे आले आणि इंग्रज कवींच्या आवृत्तीला लहान लहान प्रस्तावना लिहून मागितल्या. त्याने दोनशे गिनी मागितल्या; याच्या पाचपट मागितल्या असत्या तरी मिळाल्या असत्या, असे जाणकारांचे मत होते. प्रस्तावना वाढत वाढत बावन्न कवींची चरित्रे झाली, आणि १७८१ मध्ये काम पुरे झाले. आपल्या नेहमीच्या रीतीने, म्हणजे रेंगाळत आणि घाईने, कामाची नावड असताना आणि तरी जोमाने, आपण ते लिहिले, असे त्याने टिपून ठेवले आहे. सत्तरीतसुद्धा रीत बदलली नव्हती. फक्त ती आता त्याला ओळखीची झाली होती.

मृत्यूच्या वर्षी, १७८४ मध्ये, लिचफील्डच्या एका तरुण पाद्र्याला त्याने एक गोष्ट सांगितली. त्याचा बाप शेजारच्या अटॉक्सेटर गावच्या बाजारात पुस्तकांचे दुकान मांडीत असे. एकदा बापाने दुकानावर चल म्हटले तेव्हा तरुण सॅम्युएलने गर्वाने नकार दिला होता. बाप १७३१ मध्येच वारला. ती गोष्ट मनात ठेवून, काही वर्षांपूर्वी, आपण भर पावसात अटॉक्सेटरला गेलो आणि जेथे बापाचे दुकान लागत असे तेथे बराच वेळ उघड्या डोक्याने उभे राहिलो, असे तो म्हणाला. बाजारच्या लोकांनी या म्हाताऱ्याकडे पाहून काय म्हटले असेल ते त्याने सांगितलेले नाही. त्या चौकात आता या प्रसंगाचे शिल्प बसविलेले आहे.